मे महिन्यातले नॉर्दर्न लाइट्स

पर्यटन पदविकेच्या वर्गात पहिल्याच तासाला मी एक गिऱ्हाईक उभे करते. नवरा-बायको, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि सहावीत जाणारा मुलगा. नवऱ्याला रजा मिळते ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. मागणी एकच : नॉर्वेला जाऊन नॉर्दर्न लाइट्स बघायचे. पोरे लगेच फोन काढतात. पाच मिनिटांत ट्रॉम्सोपर्यंतचे विमान सापडते, हॉटेल सापडते, व्हिसाच्या कागदपत्रांची यादी सापडते, हिरव्या आकाशाचे फोटो तर ढिगाने सापडतात. दहाव्या मिनिटाला सहल तयार, दर काढलेला, वर आपले कमिशनही लावलेले. मग मी विचारते, "त्या आठवड्यात तिथे अंधार किती वाजता पडतो?"

वर्ग एकदम गप्प होतो.

अंधार पडतच नाही. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. मेच्या २० तारखेच्या सुमारास तिथला सूर्य मावळायचा थांबतो, तो जुलैचा तिसरा आठवडा सरेपर्यंत. लख्ख उजेडात ध्रुवीय प्रकाश दिसणार कसा? काही लाख रुपये मोजून ते कुटुंब रात्री बारा वाजता खिडकीचे जाड पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करील. यात फोनने एकही खोटे उत्तर दिलेले नाही. विमान खरे, हॉटेल खरे, फोटोही खरे. कुणी विचारले नाही तेवढे त्याने सांगितले नाही.

हा तास आठवायला कारण झाले एक भाषण. प्रवासधंद्यात आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी अलीकडे शिक्षकांच्या एका बैठकीत सुचवले, की 'जागतिक पर्यटनस्थळे आणि भूगोल' हा विषय पदविकेतून काढून टाकावा. त्यांनी चार कारणे दिली. एक, सगळे जग फोनमध्ये आले आहे. दोन, हा विषय म्हणजे राजधान्या आणि चलने यांचे निव्वळ पाठांतर. तीन, धंदा चालतो विक्रीकौशल्यावर, अक्षांश-रेखांशांवर नव्हे. चौथे कारण त्यांनी जरा हसत सांगितले : "आपल्या मुलांना विकायचे आहे सिंगापूर-थायलंड-दुबई. त्यांना पॅटागोनिया कशाला?" सर्वांत जास्त टाळ्या या चौथ्या कारणाला पडल्या. गृहस्थ भले आहेत, त्यांच्या शब्दाला धंद्यात वजन आहे आणि अभ्यासक्रम ठरवणारे असे शब्द मनावर घेतात. म्हणून हे उत्तर.

फोनपासून सुरुवात करू. फोन विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि नेमके काय विचारायचे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. ते ठाऊक असलेला माणूस आपल्या काउंटरवर येतच नाही. तो घरबसल्या तिकिटे काढून मोकळा होतो. जो येतो, त्याच्याकडे माहिती भरपूर असते. बारा टॅब उघडून, चार व्हिडिओ बघून, मेहुण्याचा सल्ला घेऊनच तो आलेला असतो. त्याला हवा असतो तो या पसाऱ्यातले काय निसटले आहे हे सांगणारा माणूस. माहिती फुकट झाली म्हणून भूगोलाचा भाव पडला, हा हिशेब उलटा मांडला आहे. माहिती फुकट झाल्यावर आपल्याकडे विकण्यासारखे जे शिल्लक उरले, ते हेच.

आणि फोनला प्रश्न विचारला तरी तो बरोबर विचारावा लागतो. सिडनी म्हटले की सगळ्यांना ऑस्ट्रेलिया आठवतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही एक सिडनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा विमानतळ-कोड एसवायडी, कॅनडातल्याचा वायक्यूवाय. २००२ मध्ये एक ब्रिटिश जोडपे आणि २०१७ मध्ये नेदरलंड्सचा एक तरुण ऑस्ट्रेलियाला म्हणून निघाले आणि त्या दुसऱ्या सिडनीत उतरले. तिकीट यंत्रानेच दिले होते. ज्याच्या डोक्यात जगाचा ढोबळ नकाशा आहे, तो स्वस्त भाडे आणि पश्चिमेकडे जाणारे विमान पाहूनच थबकला असता.

वाराचे आणि तारखेचेही तेच. ऑकलंडहून रात्री उशिरा निघालेला प्रवासी होनोलुलूला उतरतो तो त्याच तारखेच्या सकाळी. आंतरराष्ट्रीय वाररेषा डोक्यात नसलेला पोरगा हॉटेल दुसऱ्या दिवसापासून धरतो आणि चार माणसांचे कुटुंब सामानासकट लॉबीत बसून राहते. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, हेही कळायला हवे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआने २०११ साली तिची बाजू बदलली; त्या वर्षी त्या देशात ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही.

आता तर यंत्र अख्खी आयटिनररी लिहून देते, तीही अशा गुळगुळीत भाषेत की शंका घेणाऱ्यालाच अपराधी वाटावे. उदाहरणार्थ, न्यूझीलंडची : 'सकाळी क्वीन्सटाउनहून निघून मिलफर्ड साउंड, दुपारी परत येऊन खरेदी.' नकाशावर ही दोन ठिकाणे पक्ष्याच्या वाटेने सत्तरेक किलोमीटर. मध्ये मात्र पर्वत उभा. गाडीचा रस्ता टे आनाउवरून वळसा घालून सुमारे २९० किलोमीटरचा, जाऊन-येऊन दुप्पट. दुपारची खरेदी रात्री नऊला करायची का? युरोपातला कोचचालक तर कायद्याने बांधलेला : साडेचार तास चालवल्यावर किमान ४५ मिनिटे थांबायचे, दिवसाला नऊ तासांची मर्यादा, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. फोन मोटारीचा वेळ दाखवतो, पन्नास प्रवाशांच्या कोचचा दाखवत नाही. गुळगुळीत वाक्यात दडलेली चूक पकडायला दुसरे गुळगुळीत वाक्य कामाचे नाही. तिथे डोंगर कुठे आहे हे माहीत असावे लागते.

दुसऱ्या कारणापुढे मी मान तुकवते, पण अर्धीच. आमच्या परीक्षांत 'बुर्किना फासोची राजधानी सांगा' छापाचे प्रश्न येतात, ते खरोखर लाजिरवाणे आहेत. वागाडुगू हे नाव पाठ करून कुणाची सहल सुधारली नाही. चलनांच्या याद्या तर छापून होईपर्यंत शिळ्या होतात. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी युरो स्वीकारला आणि त्याच दिवशी तो शेंगेन या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रातही आला. बल्गेरियात २०२६ च्या पहिल्या दिवसापासून युरो आहे. तरी काही नोट्समध्ये कुना आणि लेव ही त्यांची जुनी चलने अजून ठाण मांडून आहेत. या याद्या फेकून द्या, मी स्वतः पिशवी धरून उभी राहते.

पण वाईट शिकवले जाते म्हणून विषयच काढायचा हा न्याय कुठला? गणिताचे पाढे घोकून घेणारे मास्तर वाईट, म्हणून आपण व्यापाऱ्यांच्या अभ्यासातून गणित काढत नाही. शेंगेनचेच पाहा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींच्या बाहेर. ही यादी म्हणून घोकायची तर कंटाळवाणी आहे. पण 'आधी पॅरिस, मग लेकाकडे लंडनला चार दिवस, मग स्वित्झर्लंड' असे म्हणणारे आजी-आजोबा समोर बसले, की त्याच तीन वाक्यांतून एक निर्णय निघतो : त्यांना एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा, नाहीतर लंडनहून निघताना ते अडकतील; किंवा लंडन सहलीच्या एका टोकाला सरकवावे लागेल. सीमा कुठून जाते हे कळणे म्हणजे पाठांतर नव्हे.

तिसरे कारण विक्रीकौशल्याचे. या मुद्द्यावर मी गृहस्थांशी वाद घालणारच नाही, उलट त्यांचाच मुद्दा पुढे नेते. त्या ट्रॉम्सोच्या कुटुंबाकडे परत जाऊ. भूगोल न शिकलेला विक्रेता त्यांना मे महिन्यात नॉर्दर्न लाइट्स विकतो, आणि ते कुटुंब परत आल्यावर सोसायटीभर त्याची कीर्ती गाते. भूगोल शिकलेली मुलगी सांगते, "काका, मेमध्ये तिथे रात्रच होत नाही. पण तोच तर चमत्कार आहे. नॉर्थ केपला मध्यरात्री सूर्य बघा, फ्योर्डमधून बोटीने फिरा, बर्फ वितळत असल्याने धबधबे तेव्हाच भरात असतात. आणि नॉर्दर्न लाइट्स हवेच असतील तर दिवाळीच्या सुट्टीत जा. सप्टेंबरपासून मार्च अखेरपर्यंत रात्री काळ्या असतात." एका अक्षांशाच्या ज्ञानातून तिने एक फसवणूक टाळली आणि दोन सहली मांडल्या. याहून मोठे विक्रीकौशल्य कुठल्या कार्यशाळेत शिकवतात ते मला सांगावे.

माचू पिक्चूचे उदाहरण आणखी बोलके आहे. विमानतळ आहे कुस्कोला, समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवर. बहुतेक जण लिमाहून, म्हणजे समुद्रकाठावरून, थेट तिथे उतरतात आणि तिथेच मुक्काम टाकतात. दुसऱ्या दिवशी डोके ठणकते, उलट्या होतात, पासष्टीच्या बाई खोलीतून बाहेर येत नाहीत. खुद्द माचू पिक्चू मात्र सुमारे २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर खाली. नकाशातल्या उंचीच्या रंगछटा वाचता येणारा माणूस पाहुण्यांना विमानतळावरून सरळ उरुबांबा नदीच्या खोऱ्यात खाली उतरवतो, तिथे झोपवतो, माचू पिक्चू दाखवतो आणि कुस्को शेवटी ठेवतो. खर्च तोच, दिवस तेवढेच, फक्त क्रम बदलला. आपल्याकडचे गिऱ्हाईक म्हणते, "आम्ही युंगफ्राउयोखला जाऊन आलो, ३,४५४ मीटर, काही झाले नाही." बरोबर आहे, तिथे ते दोन तास होते. लेह साधारण त्याच उंचीवर आहे आणि तिथे रात्र काढायची असते.

हे ज्ञान परदेशी आहे असे समजू नका. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढते, तो वारीतला थकवणारा टप्पा. घाट चढून गेल्यावर सासवडला दोन मुक्काम ठेवलेले आहेत. चढ कुठे, पाणी कुठे, म्हाताऱ्यांचे पाय कुठे बोलू लागतील, याचा हिशेब करूनच दिंड्यांचे मुक्काम बसले. विश्रांतीचा दिवस कुठे टाकायचा हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांच्याच नातवंडांना आपण आता सांगतो आहोत की भूगोल राहू द्या, हसून बोलायला शिका.

आता ते चौथे कारण, ज्याला टाळ्या पडल्या.

सिंगापूर-थायलंड-दुबई विकायला भूगोल लागत नाही म्हणता? थायलंडच घ्या. देश एक, किनारे दोन, आणि पावसाळे वेगवेगळे. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस. को सामुई आखाताच्या बाजूला. तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीला एक किनारा बरा आणि दिवाळीनंतरच्या दिवसांना दुसरा. दोन्ही एकाच माहितीपत्रकात, एकाच निळ्याशार फोटोसह छापलेले असतात. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे पावसाची चाहूल लागते तेव्हा तिथे कोरडा मोसम सुरू झालेला असतो. मसाई मारातले जनावरांचे मोठे स्थलांतर साधारण जुलै ते ऑक्टोबर. आपली मे महिन्याची सुट्टी केनियाच्या दीर्घ पावसाळ्यात संपते. दुबईत मे अखेरीस पारा चाळिशीला टेकतो. ज्या सहली रोज विकल्या जातात त्यांच्यात चुका रोज होतात, म्हणून भूगोल तिथेच जास्त लागतो.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. 'आपल्या मुलांना पॅटागोनिया कशाला' या वाक्यातली ही 'आपली मुले' कोण? माझ्या वर्गातली निम्मी मुले तालुक्याच्या गावांतून येतात. बहुतेकांनी विमान आतून पाहिलेले नाही. काहींचा पासपोर्ट पहिल्या नोकरीनंतर निघतो. त्यांच्या शेजारी बसलेला असतो सहा देश फिरून आलेला मुलगा, आई-बाबांसोबत. मुलाखतीत तो "मी गेलोय तिथे" म्हणतो आणि बाजी मारतो. या दोघांना एका पातळीवर आणणारी एकच गोष्ट मी इतक्या वर्षांत पाहिली आहे, ती म्हणजे भूगोल. कारण सहा देश फिरून आलेल्याने हॉटेलचा नाश्ता पाहिलेला असतो. तिथे पाऊस का पडतो हे त्याला विचारा.

माण तालुक्यातल्या मुलाला ते विचारा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात त्याच्या गावात पाचशेच्या आसपास, हे तो जन्मापासून भोगतो आहे. सह्याद्रीने ढग अडवले आणि आपण पर्जन्यछायेत राहिलो, हे त्याला पुस्तकाने शिकवावे लागत नाही. त्याला एवढेच सांगायचे, की न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरही असाच पर्वत उभा आहे, वारे पश्चिमेचे आहेत, मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि पलीकडे क्वीन्सटाउनला हजारही नाही. तो पुढचे आपोआप सांगतो : मिलफर्डला रेनकोट, क्वीन्सटाउनला गॉगल. मग त्याच्यापुढे पॅटागोनियातला अँडीज पर्वत ठेवा. पश्चिमेचे ओले चिली आणि पूर्वेचे कोरडे, वाऱ्याने झोडपलेले अर्जेंटिना तो न बघता ओळखतो. पॅटागोनिया त्याला कशाला, असे विचारता? तो माणच्याच हवेचा धडा आहे म्हणून.

रत्नागिरीची मुलगी अशीच श्रीलंका समजून घेते. जूनमध्ये तिच्या घरावर पाऊस धो धो पडत असतो तेव्हा चेन्नई कोरडी असते आणि चेन्नईचा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो, हे तिला ठाऊक आहे. श्रीलंकेत हेच एका बेटावर घडते. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस गॉल आणि बेंटोटाला झोडपतो, तेव्हा पूर्वेचे त्रिंकोमाली निळेभोर असते. ही मुलगी कोलंबोला कधीच गेलेली नाही, तरी तिने केलेली सहल तिथे दोनदा जाऊन आलेल्यापेक्षा चांगली असते. हे हत्यार तिच्या हातून काढून घ्यायचे आणि बदल्यात तिला हसरा चेहरा ठेवण्याचे प्रशिक्षण द्यायचे, याला मी अभ्यासक्रमाची सुधारणा म्हणणार नाही. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी सहली आखायच्या आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्या फोनवर विकायच्या, अशी ती सरळ वाटणी आहे.

अडचण आल्यावर तर ही वाटणी उघडी पडते. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधला एयाफ्यालायोकुल ज्वालामुखी फुटला आणि राखेच्या ढगामुळे युरोपचे बरेचसे आकाश अनेक दिवस बंद राहिले, नेमके आपल्याकडचे गट निघायच्या हंगामात. त्या दिवसांत ज्यांना नकाशा येत होता ते दक्षिणेकडे पाहत होते, कारण माद्रिदसारखे विमानतळ चालू होते आणि तिथवर रेल्वेने, बसने पोहोचता येत होते. बाकीचे फोन लागायची वाट बघत बसले. २३ जून २०२५ च्या रात्री कतारने काही तास आकाश बंद केले. दोहामार्गे जाणारे प्रवासी वाटेत भलत्याच विमानतळांवर उतरले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले आणि युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या. अशा रात्री गिऱ्हाईक हॉटेलच्या खोलीतून फोन करते आणि विचारते, "मग आता आम्ही कुठून यायचं?" हसऱ्या चेहऱ्याचे उत्तर तिथे ऐकू जात नाही.

तर विषय ठेवा आणि परीक्षा बदला. राजधान्यांचे प्रश्न काढून टाका. मुलांना कोरा नकाशा द्या, त्यावर वारे, पर्वत आणि विमानांचे मोठे थांबे काढायला लावा. मग एक कुटुंब द्या, त्याची सुट्टी, त्याचे पैसे, आजीचे गुडघे द्या, आणि विचारा : कुठे पाठवाल, कुठे मुळीच पाठवणार नाही, आणि का? फोन वापरायला खुशाल परवानगी असावी. ज्याला भूगोल येतो त्याच्या हातात फोन दुप्पट कामाचा होतो; ज्याला येत नाही तो फोन असूनही ट्रॉम्सोचेच तिकीट काढतो, हे त्या पेपरात लगेच दिसेल. शिकवणाऱ्यांनीही आपल्या नोट्स दरवर्षी जानेवारीत एकदा झाडून घ्याव्यात. हे कष्टाचे काम आहे. विषय काढून टाकणे त्याहून सोपे आहे, हे मला मान्य.

वाचकांनाही एक सांगणे. पुढच्या सुट्टीची सहल ठरवायला जाल तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न विचारा : "त्या दिवसांत तिथली हवा कशी असते, आणि तशी का असते?" 'का'चे उत्तर आले तर खुशाल ॲडव्हान्स द्या. पण त्याने नुसता स्क्रीन तुमच्याकडे वळवला, तर चहा संपवून उठा. तो स्क्रीन तुमच्या घरीही आहे.